भरल्या घरातील उपासमार

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने वैद्यकीय विषयावर लेखणी चालवावी, यात काही वाचकांना अनधिकार चेष्टा दिसेल. ती काही अंशी आहेही. परंतु उपासमार हा अर्थशास्त्राच्या घरचा विषय आहे. माणसे उपाशी मरतात ती देशात धान्य नसते म्हणून नव्हे, तर असलेले धान्य मिळविण्याचे साधन त्यांच्यापाशी उरत नाही म्हणून, असा सिद्धान्त अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा दाखला देऊन १९८१ साली मांडला. तो आम्ही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकवीत आलो आहोत. परंतु ज्या उपासमारीत घरात धान्य आहे, ते शिजवून ताटात वाढणारी आई आहे, वाढलेले खाण्याचा हक्क कोणी हिरावून घेतलेला नाही, आणि तरीही देह झिजत झिजत मृत्यूच्या दारी जातो, तिची गणती या सिद्धान्तात कोठे करावयाची, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. दोन वर्षांपूर्वी तो माझ्याच वर्गातील तिसऱ्या बाकावर येऊन बसला.

ती द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी. ओळख पटेल असे सारे तपशील येथे गाळले आहेत. जूनमध्ये तिचे कपडे अंगावर सैल दिसू लागले तेव्हा मैत्रिणींनी तिचे कौतुक केले. दिवाळीनंतर ती दोन मजल्यांचा जिना चढताना मध्येच थांबू लागली. मार्च महिन्यात, पंखे गरगरत असताना, ती स्वेटर घालून वर्गात बसत असे. मी वडिलांना बोलावून घेतले. साधा, सरळ, सहकारी संस्थेत कारकुनी करणारा गृहस्थ. "सर, पोरगी जेवत नाही, एवढंच आहे. त्यासाठी काय दवाखान्यात न्यायचं?" असे ते म्हणाले, आणि त्यावर काय बोलावे हे मलाही सुचले नाही. तोवर क्षयाच्या तपासण्या झाल्या होत्या, पोटाची दुर्बिणीतून तपासणी झाली होती, आणि 'लग्न करून द्या, आपोआप खाऊ लागेल' हा सल्लाही नातेवाइकांकडून मिळून गेला होता. अखेर ती घरात चक्कर येऊन पडली. रुग्णालयात दाखल केले तेव्हा तिचे वजन चौतीस किलो आणि नाडी मिनिटाला बेचाळीस होती.

पुढे जे घडले त्यासाठी हा लेख लिहीत आहे. तिला तत्काळ ग्लुकोजची सलाईन लावण्यात आली. 'आता खा' असे डॉक्टरांनी बजावले आणि घाबरलेल्या मुलीने ते ऐकले. आईच्या जिवात जीव आला. शिरा आला, साजूक तुपाचा भात आला, मावशीने बासुंदी आणली. तिसऱ्या दिवशी मुलीच्या पायांना सूज आली, रात्री धाप लागली, ती असंबद्ध बोलू लागली. त्या रात्री कामावर असलेल्या एका तरुण डॉक्टरने रक्तातील फॉस्फरस तपासण्यास सांगितले. तो धोक्याच्या पातळीखाली गेलेला होता. मुलगी अतिदक्षता विभागात गेली आणि वाचली. सांगण्याचा मुद्दा असा की, जोवर ती उपाशी होती तोवर तिचे शरीर कसेबसे तग धरून होते. ज्या दिवशी ती पोटभर खाऊ लागली त्या दिवसापासून तिच्या जिवाला नवाच धोका सुरू झाला. हे तिच्या आईला आजही पटलेले नाही. आपण प्रेमाने भरविलेला घास पोरीच्या जिवावर उठला, हे कोणत्या आईला पटेल?

या आजाराचे नाव ॲनोरेक्सिया नर्व्होसा. लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या दोघा वैद्यांनी १८७३ च्या सुमारास स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. नावाचा शब्दशः अर्थ 'भूक मरणे' असा असला तरी तो फसवा आहे; भूक मेलेली नसते, तिच्यावर अहोरात्र पहारा बसविलेला असतो. सर्वसाधारण समज असा की हे श्रीमंत देशांतील मुलींचे सौंदर्यवेड आहे. या समजाला दोन गोष्टी बाधक आहेत. एक म्हणजे मृत्यूचे प्रमाण. छत्तीस अभ्यासांचा एकत्र विचार करणारा जो निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या इतरांच्या जवळजवळ सहापट भरते, आणि मरण पावणाऱ्या पाचांपैकी एकाचा मृत्यू आत्महत्येने होतो. नखऱ्याला इतकी किंमत कोणी मोजत नाही. दुसरी गोष्ट आपल्या देशातील. दिल्लीच्या डॉक्टरांनी १९९५ साली पाच तरुणींची हकीकत प्रसिद्ध केली. त्या खाणे नाकारीत, उलट्या करीत, वजन अतोनात घटलेले, पाळी थांबलेली. परंतु आपण जाड आहोत ही जी भ्रांती पाश्चात्त्य ग्रंथांत या आजाराची खूण मानली जाते, ती त्यांच्यात आढळली नाही. आपल्याकडे या मुली 'पोटात दुखते', 'अन्न घशाखाली उतरत नाही' असे सांगत येतात, आणि म्हणून पोटाच्या तपासण्यांच्या फेऱ्यात अडकून पडतात. माझ्या विद्यार्थिनीचे नेमके तेच झाले.

उपासमार मनाचे काय करते, याचा सर्वांत सविस्तर पुरावा अमेरिकेतील एका प्रयोगातून मिळाला. दुसरे महायुद्ध संपत आले असता, युरोपातील उपाशी जनतेला कसे जगवावे हे ठरविण्यासाठी, मिनेसोटा विद्यापीठातील अँसेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये छत्तीस निरोगी तरुणांना हाताशी धरले. युद्धात शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकबुद्धीने नकार देणारे हे स्वयंसेवक होते. चोवीस आठवडे त्यांना सरासरी सुमारे १५७० कॅलरींच्या अन्नावर ठेवण्यात आले. त्यांचे वजन चतुर्थांशाने घटले. वजनापेक्षाही लक्षणीय होते ते त्यांच्या वागण्यातील बदल. ही धडधाकट, ध्येयवादी मुले पाककृतींची पुस्तके जमवू लागली, ताटे चाटू लागली, एका जेवणावर तास तास रेंगाळू लागली, चिडकी, एकलकोंडी आणि उदास झाली. यांपैकी कोणालाही आधी मनाचा आजार नव्हता. तेव्हा ज्या विचित्र वागण्याला आपण आजाराचे कारण समजतो त्याचा मोठा भाग उपासमारीचा परिणाम असतो, आणि रिकाम्या मेंदूला समुपदेशन पाजून फारसे काही साधत नाही, असा त्याचा अर्थ. अन्न हा उपचारांचा पाया होय. आधी अन्न, मग बोलणे.

परंतु ते अन्न कसे द्यावयाचे? एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्याने बेर्गेन-बेल्सेनची छळछावणी मुक्त केली, तेव्हा सैनिकांनी दयेपोटी आपले डबाबंद मांस आणि चरबीयुक्त अन्न त्या हाडांच्या सापळ्यांना वाटले. सुटकेनंतरच्या आठवड्यांत तेथे तेरा हजारांवर माणसे मेली. बहुतेक टायफस तापाने आणि आधीच्या उपासमारीने मेली हे खरे. पण काहींचा बळी त्या दयेच्या अन्नाने घेतला, अशी नोंद तेव्हाच्या डॉक्टरांनी केली आहे. मग तेथे जे पातळ खाद्य आणले गेले त्याचे नाव 'बेंगॉल फॅमिन मिक्स्चर' असे होते. दुधाची भुकटी, पीठ, साखर यांचे हे मिश्रण बंगालच्या दुष्काळात वापरलेले. पूर्व युरोपातील त्या बंदिवानांना ते इतके गोड लागले की अनेकांनी ते नाकारले. आपल्या दुष्काळाने जगाला शिकविलेला हा धडा. तो जगाला नीट पचला नाही आणि आपण स्वतः विसरलो. जपानी युद्धकैद्यांच्या बाबतीतही युद्धानंतर हाच अनुभव आला आणि त्याचे शास्त्रीय विवरण १९५१ साली प्रसिद्ध झाले.

या प्रकाराला 'रिफीडिंग सिंड्रोम' असे म्हणतात. त्यामागील शरीरव्यापार समजण्यास अवघड नाही. दीर्घ उपासात शरीर साखरेऐवजी चरबी आणि स्नायू जाळून चालते, आणि त्याबरोबर पेशींतील फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचा साठा हळूहळू संपत जातो. रक्ताची तपासणी मात्र पुष्कळदा ठीक येते. बँकेतील ठेव मोडून खिशातली रक्कम तेवढीच ठेवणाऱ्या माणसासारखे हे आहे. एकदम पिष्टमय किंवा गोड अन्न पोटात गेले, अथवा ग्लुकोज शिरेत गेले, की इन्शुलिन उसळते, पेशी साखर आत ओढतात आणि तिच्याबरोबर रक्तातील उरलासुरला फॉस्फरसही ओढून घेतात. फॉस्फरसावाचून स्नायूंना शक्ती मिळत नाही, आणि हृदय व श्वासाचा पडदा हेही स्नायूच. थायमिन हे जीवनसत्त्वही याच वेळी एकाएकी अपुरे पडते आणि मेंदूला इजा होते. लांबलेले उपोषण मोसंबीच्या रसाच्या पेल्याने सोडण्याची आणि मग हळूहळू जेवणावर येण्याची आपली रीत होती. तीमागे कोणाला फॉस्फरस ठाऊक नव्हता. पण उपाशी पोटावर एकदम पंगत झोडू नये, एवढे ठाऊक होते.

या भयाची दुसरी बाजूही आहे, आणि तिकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे लक्ष आपोआप जाते. पाश्चात्त्य रुग्णालयांनी धसका घेऊन 'थोडक्यात सुरू करा, सावकाश वाढवा' असा दंडक घातला. या शतकाच्या आरंभी अमेरिकेत पौगंडावस्थेतील रुग्णाला दिवसाला सुमारे १२०० कॅलरी देऊन आरंभ करावा आणि एक दिवसाआड दोनशेने वाढवाव्यात, अशी रीत रूढ होती. आता हे आकडे आपल्या परिचयाच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. पुण्यात दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली भारतीय दारिद्र्याचे मोजमाप केले ते माणशी २२५० कॅलरी हे माप धरून. नियोजन आयोगाच्या अभ्यासगटाने १९७९ साली ग्रामीण भागासाठी २४०० आणि नागरी भागासाठी २१०० कॅलरी ही रेषा आखली. कीज यांनी तरुणांना उपाशी ठेवण्यासाठी १५७० कॅलरी दिल्या होत्या. म्हणजे अमेरिकेतील सुसज्ज रुग्णालयात उपासमारीवर उपचार म्हणून मिळणारे पहिल्या दिवसांचे अन्न आपल्या दारिद्र्यरेषेच्या जवळपास निम्मे, आणि उपासमारीच्या प्रयोगातील शिध्याहूनही कमी होते! मुली आणि प्रौढ पुरुष यांच्या गरजांत फरक असतो हे मान्य करूनही ही तुलना बोलकी आहे. परिणाम व्हायचा तोच झाला: पहिल्या आठवड्यात कित्येक रुग्णांचे वजन वाढण्याऐवजी घटत असे. कीज यांच्या प्रयोगातही, सुधारणेच्या काळात अत्यल्प वाढीव अन्न मिळालेल्या गटाची प्रकृती सुधारेना, हे १९५० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन खंडांत नमूद आहेच.

येथे एक विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. दांडेकरांच्या मापावर पुण्यातूनच डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला होता. माणसाची उष्मांकांची गरज स्थिर नसते, शरीर मर्यादित कक्षेत कमी अन्नाशी जुळवून घेते, म्हणून सरासरीखालील प्रत्येकाला कुपोषित म्हणणे चूक, असे त्यांचे प्रतिपादन. १९८१ च्या सुमारास हा वाद ऐन भरात होता. माझ्या पिढीला तो पाठ्यपुस्तकांतूनच भेटला, आणि मी अनेक वर्षे सुखात्म्यांच्या बाजूने झुकलेलो होतो. कक्षेच्या आत त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु कक्षेबाहेर शरीर 'जुळवून घेते' म्हणजे काय करते, हे त्या मुलीच्या खाटेशेजारी उभे राहून कळले. ते नाडी बेचाळीसवर आणते, तापमान उतरविते, पाळी बंद करते, हाडांतील चुना काढून खाते, आणि वाढत्या वयात उंचीही गोठविते. त्या दिवसापासून वर्गात 'अनुकूलन' हा शब्द मी पूर्वीइतक्या सहजपणे उच्चारू शकत नाही.

दंडक बदलला तो पुराव्याने. मेलबर्नच्या डॉक्टरांनी २०१० साली अधिक अन्नाने आरंभ केल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. पुढे कॅलिफोर्नियात आंद्रेआ गार्बर आणि नेव्हिल गोल्डन यांच्या नेतृत्वाखाली दोन केंद्रांत पद्धतशीर चाचणी झाली. बारा ते चोवीस वयोगटातील १२० रुग्णांची चिठ्ठ्या टाकून करावी तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला १४०० कॅलरींपासून आरंभ, एक दिवसाआड दोनशेची वाढ; दुसऱ्याला २००० पासून आरंभ आणि रोज दोनशेची वाढ. दोन्ही गटांत रक्ताची रोज तपासणी. अधिक अन्न मिळालेल्या गटाची नाडी, रक्तदाब, तापमान हे सारे लवकर स्थिरावले. रुग्णालयातील मुक्काम सरासरी चार दिवसांनी कमी झाला. आणि ज्याचे भय होते ते क्षारांचे बिघाड दोन्ही गटांत सारखेच राहिले. दर रुग्णामागे रुग्णालयाच्या आकारणीत १९,०५६ डॉलरांची बचत झाली, असा हिशेबही त्यांनी मांडला आहे. अमेरिकन रुग्णालयांची आकारणी हा स्वतंत्र विनोदाचा विषय असल्याने त्या आकड्याला मी फार महत्त्व देत नाही. पण चार दिवस हे कोणत्याही चलनात चारच दिवस असतात. दोन मर्यादा मात्र प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. वर्षभरानंतर पाहता आजारातून मुक्त झालेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत वेगळे दिसले नाही. आणि अगदी शेवटच्या टोकाला खालावलेल्या रुग्णांबाबत हा पुरावा अपुराच आहे. तेथे सावधपणा सोडण्यास कोणी सांगितलेले नाही. ब्रिटनमधील मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२२ साली जी मार्गदर्शिका काढली तीत अतिवेगाने अन्न देण्याच्या आणि गरजेपेक्षा कमी देण्याच्या, अशा दोन्ही धोक्यांचा इशारा आहे.

तेव्हा मुद्दा कमी की जास्त हा नाही. अन्न हे औषध आहे आणि औषधासारखे मापून, वेळेवर, परिणाम तपासत द्यावयाचे आहे, हा आहे. जेथे ही व्यवस्था आहे तेथील दिनक्रम लष्करी वाटावा असा असतो. दिवसा नाडी पन्नासच्या खाली, रक्तदाब नव्वदच्या खाली, तापमान उतरलेले, अशा निकषांवर मुलीला दाखल करतात. थायमिन आधी, अन्न नंतर. तीन जेवणे आणि मधली खाणी, प्रत्येकाला साधारण अर्धा तास, समोर परिचारिका बसलेली. जे ताटात उरले त्याच्या मापाचे द्रवान्न प्यावयाचे. तेही नाकारले तर नाकातून नळी. जेवणानंतर काही काळ स्वच्छतागृहात एकटे जावयाचे नाही. वजन पहाटे, रुग्णालयाच्या झग्यावर, लघवी करून झाल्यावर. कारण आधी तांब्याभर पाणी पिऊन किंवा खिशात वजने लपवून काटा फसविण्याची युक्ती या मुली कोणी न शिकविता शिकतात. दुधाला या आहारात विशेष मान आहे, कारण त्यात फॉस्फरस भरपूर. बासुंदीला मात्र पहिल्या आठवड्यात नाही. आणि एक विलक्षण गोष्ट: अन्न सुरू झाल्यावर काही दिवसांनी शरीराची भट्टी असा पेट घेते की नुसते वजन वाढत राहण्यासाठी दिवसाला तीन हजार आणि त्याहूनही अधिक कॅलरी लागू शकतात. 'इतकं खाऊनही अंगाला लागत नाही' असे म्हणून घरचे लोक जेथे निराश होतात, तेथेच खरी निकड असते.

नाकातून नळी, हे शब्द भारतीय वाचकाच्या मनात वेगळ्याच आठवणी जागवितात. लाहोरच्या तुरुंगात १९२९ साली ६३ दिवसांच्या उपोषणानंतर जतींद्रनाथ दास गेले. इरोम शर्मिला यांना २००० पासून २०१६ पर्यंत नळीवर जगविण्यात आले. अन्नत्याग हे आपल्याकडे दुबळ्याचे शस्त्र, व्रतस्थाचे तेज आहे. म्हणून उपचारासाठी अन्न सक्तीने द्यावे काय, हा प्रश्न आपण हलकेपणाने घेऊ नये. परंतु उपोषण करणाऱ्याला काहीतरी मिळवावयाचे असते आणि ते मिळताच तो अन्न घेतो. या मुलीची मागणीच नसते. असलीच तर ती तिच्या स्वतःकडे असते आणि ती कधी पुरी होत नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे १९९२ साली याच आजाराने ग्रस्त सोळा वर्षांच्या मुलीचा खटला आला. तिचा नकार न्यायालयाला बाजूस सारता येतो असा निर्णय देताना, नकार देणे हेच या आजाराचे लक्षण असू शकते, हे न्यायाधीशांनी ध्यानात घेतले. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अल्पवयीनांच्या दाखल्यासाठी पालक प्रतिनिधीची सोबत, प्रौढांपासून वेगळी राहण्याची सोय आणि ७२ तासांत मंडळाला कळविणे अशी बंधने घातली आहेत. ती योग्यच आहेत. माझी विद्यार्थिनी अठरा वर्षे पूर्ण झालेली होती. तिची संमती घेणे आवश्यक होते आणि ती तरुण डॉक्टरने दोन तास खाटेवर बसून मिळविली. नळी लागली नाही.

आता एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो आमच्याच शास्त्राकडून येईल. ज्या महाराष्ट्रात मेळघाटातील बालमृत्यू अजून संपलेले नाहीत, तेथे भरल्या घरातील उपाशी मुलींसाठी सरकारी पैसा मागणे हा मध्यमवर्गीय चोचलेपणा नव्हे काय? या आक्षेपाला मी टाळणार नाही. उलट त्यातच उत्तर आहे असे मला वाटते. तीव्र कुपोषित बालकाला अन्न कसे द्यावयाचे, याची लिखित पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली घालून दिली आणि आपल्या पोषण पुनर्वसन केंद्रांत तीच चालते. पहिल्या टप्प्यात शंभर मिलिलिटरला ७५ कॅलरींचे दूध, थोडे थोडे, रात्रीही. बालक स्थिरावले की शंभर कॅलरींचे. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम सुरुवातीपासून, लोह नंतर. बालक अत्यवस्थ होऊन धक्क्याच्या अवस्थेत असल्यावाचून शिरेतून सलाईन नाही. मेळघाटातील बालकाचे यकृत आणि शहरातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीचे यकृत यांना आपण कोणत्या वर्गाचे आहोत हे ठाऊक नसते. मापे वेगळी असतील, विद्या एकच. जी विद्या एखाद्या जिल्हा रुग्णालयात तळमजल्यावरच्या केंद्रातील परिचारिकेला तोंडपाठ आहे, ती दुसऱ्या मजल्यावरच्या स्त्रीकक्षात पोहोचू नये, यात पैशाचा प्रश्न नसून जिन्याचा आहे. फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांच्या तपासण्या आणि थायमिनची इंजेक्शने ही काही परदेशातून मागवावी लागत नाहीत. दीर्घ उपासानंतर दाखल होणारा कोणीही, मग तो पोटाच्या कर्करोगाचा असो, दारूच्या आहारी गेलेला असो, रस्त्यावरून उचलून आणलेला वृद्ध असो की उपोषणकर्ता, त्याला ग्लुकोजची बाटली लावण्यापूर्वी या चार गोष्टी व्हाव्यात असे एक पानाचे परिपत्रक आरोग्य खात्याला काढता येईल. ज्ञान उपलब्ध असून ते योग्य हाती नसणे काय करते, हे पाहण्यासाठी ब्रिटनकडे बोट दाखविता येते. तेथे एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीच्या २०१२ मधील मृत्यूची चौकशी करून २०१७ साली संसदेच्या लोकपालांनी जो अहवाल दिला, त्यात तिच्यावर उपचार करणाऱ्या प्रत्येक यंत्रणेच्या हातून झालेली हयगय नोंदली आहे. मार्गदर्शिका त्या देशात तेव्हाही होत्या.

रुग्णालयातला मुक्काम लांबवावा असे मी सुचवीत नाही. सिडनी येथील ८२ मुलामुलींच्या चाचणीत, प्रकृती स्थिर होताच घरी पाठवून कुटुंबाच्या हाती उपचार सोपविलेल्यांची स्थिती दीर्घकाळ ठेवून वजन भरून काढलेल्यांहून वाईट आढळली नाही. जर्मनीत १७२ मुलींच्या चाचणीत, तीन आठवड्यांनंतर दिवसा रुग्णालयात आणि रात्री घरी, ही व्यवस्था तितकीच गुणकारी आणि स्वस्त ठरली. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या पद्धतीत तर आईवडिलांनाच मुलीच्या ताटाचा ताबा दिला जातो: किती वाढायचे ते त्यांनी ठरवायचे आणि संपेपर्यंत समोर बसायचे. ज्या समाजात आई सर्वांच्या शेवटी जेवते तेथे या पद्धतीला एक अडचण आहे. मुलीला समोर बसवून जेवू घालणाऱ्या आईने स्वतःही त्याच वेळी जेवावयाचे असते. माझ्या विद्यार्थिनीच्या आईला हाच भाग सर्वांत जड गेला. मुलगी ताटावर बसल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहून पोळ्या लाटीत असे. आहारतज्ज्ञ बाईंनी तिला पोळ्या आधी करून ठेवावयास लावल्या.

राहिला खर्चाचा प्रश्न. रुग्णालयाचे देयक सव्वातीन लाखांवर गेले. वडिलांचा आरोग्यविमा होता. विमा कंपनीने मागणी फेटाळली. कारण दिले की आजार मानसिक स्वरूपाचा आहे. फॉस्फरसाअभावी हृदय थांबण्याच्या बेतात आलेल्या मुलीला अतिदक्षता विभागात ठेवण्याचा खर्च कोणत्या अर्थाने मानसिक, हे पत्रात सांगितलेले नाही. आणि तो तसा मानला तरी निकाल कंपनीच्या बाजूने लागत नाही. २०१७ च्या कायद्याच्या एकविसाव्या कलमाच्या चौथ्या उपकलमानुसार मानसिक आजाराच्या उपचारांसाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याची तरतूद करणे प्रत्येक विमा कंपनीवर बंधनकारक आहे. विमा नियामक प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१८ रोजी परिपत्रक काढून कंपन्यांना त्याची आठवणही करून दिली. ही कलमे मी वडिलांना कागदावर उतरवून दिली. त्यांनी पतपेढीचे कर्ज काढून रुग्णालयाचे पैसे फेडले आहेत आणि विमा लोकपालांकडे तक्रार केली आहे. मुलगी तृतीय वर्षात आहे, तिसऱ्या बाकावर बसते, आणि मधल्या सुट्टीत डबा उघडते. काही दिवस तो संपतो, काही दिवस नाही. तक्रारीच्या सुनावणीची तारीख अद्याप आलेली नाही.